अंदाजे सहा मिनिटं

लिफ्टला उचकी लागल्यासारखं झालं आणि ती थांबली. सहावा मजला वर राहिला होता, पाचवा अजून यायचा होता. दाराच्या उभ्या काचेतून वरच्या अर्ध्यात नुसतं सिमेंट दिसत होतं आणि खालच्या अर्ध्यात पाचव्या मजल्याच्या छताचा दिवा, तोही तिरका. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात, पण ते माणसाला लागली तर. लिफ्टला लागली की तक्रार केंद्राला फोन करायचा असतो. तसा पत्राच बटणांच्या खाली ठोकलेला होता आणि त्यावरचा नंबर आत अडकलेल्या गृहस्थांना पाठ होता, कारण गेली एकोणीस वर्षं ते त्याच केंद्रात आकडेवारी विभागाचे प्रमुख होते. शहरात कुठं लिफ्ट अडो, पाईप फुटो, जिन्यातला दिवा जावो, फोन तिथंच जायचा. किती फोन आले, कोण किती वेळ थांबलं, सरासरी किती पडली, हे सगळं यांच्या टेबलावरून जायचं. ऑफिसात पाठीमागे त्यांना सरासरीसाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ चव्वेचाळीस. साडेदहाला मीटिंग. बॅगेत महिन्याच्या आकड्यांची फाईल होती आणि फाईलवर त्यांची एक सही व्हायची होती. फोनची बॅटरी चाळीस टक्के, म्हणजे काल रात्री चार्जरला लावायचा राहिला. ते काम बायको करायची. कधी करायची ते त्यांनी एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं, सकाळी फोन भरलेला असायचा एवढंच. त्यांनी नंबर फिरवला. दोनदा खर्रखर्र झालं आणि कानात बायको म्हणाली, "नमस्कार. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपल्याला अंदाजे सहा मिनिटं थांबावं लागेल."

सरासरीसाहेबांनी फोन कानापासून लांब धरला. मग पुन्हा कानाला लावला. तिचा आवाज त्या नंबरवर आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच तो तिथं नेऊन बसवला होता, नऊ वर्षांपूर्वी. पण हलवाई स्वतःच्या दुकानातली मिठाई खात नाही म्हणतात, तसा त्यांनी आपल्याच केंद्राला कधी फोन केला नव्हता. घरातलं काही बिघडलं तर बायको करायची. आणि गेल्या तेवीस दिवसांत त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती आईकडे गेली होती. "चार दिवस जाऊन येते," एवढंच म्हणाली होती, आणि ते पेपर वाचत होते म्हणून "हं" म्हणाले होते.

आता दर चाळीस सेकंदांनी ती बोलत होती. मधे सतारीचा एक तुकडा वाजायचा, तो संपला की ती. महत्त्वाची आहे. सहा मिनिटं. थांबावं लागेल. तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की "लागेल" या शब्दाच्या शेवटी काहीतरी आहे. चौथ्या वेळी त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं. हसू होतं ते. गिळलेलं, अर्धवट, नाकातून निसटलेलं हसू. आणि ते कुठलं हे आठवल्यावर त्यांना लिफ्टमधेच उभ्या उभ्या गोदरेजच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आला. केंद्राला आवाज हवा होता आणि बाहेरचा माणूस बोलवायला वरून मंजुरी येत नव्हती, तेव्हा हे घरी टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून तिला कपाटात बसवलं, गोधड्यांच्या मधे, दार अर्धं लावून. सोळा वेळा बिघडलं. कधी तिला शिंक आली, कधी यांनाच. सतराव्या वेळी तिनं वाचायला सुरुवात कधी करायची ते दाखवायला यांनी कपड्यांचा हँगर वर धरला, बँडवाल्यांच्या मास्तरासारखा, आणि हँगरला अजून यांचीच विजार लटकत होती. तिनं वाक्य पूर्ण केलं, बाईनं अक्षर सोडलं नाही, पण शेवटी तेवढं हसू सुटलं. ते काढून टाकता आलं असतं. यांनी म्हटलं राहू दे, कुणाला कळतंय! नऊ वर्षं हे शहर, नळ फुटलेलं, अंधारात बसलेलं, त्यांच्या विजारीला हसणारी बायको ऐकत होतं आणि कुणाला कळलं नव्हतं.

सहा मिनिटं झाली. दहा झाली. सरासरीसाहेबांनी मनाशी म्हटलं, ठीक आहे, सहा ही सरासरी, कुणाला दोन, कुणाला चौदा. खरं तर त्यांना यात एक प्रकारचं सुखच होतं. थांबण्याचा एक फार सुंदर नियम आहे, तो त्यांना कॉलेजातल्या सरांनी शिकवला होता आणि त्या नियमावर त्यांचा देवावर नसेल इतका विश्वास होता. नियम असा, की थांबणाऱ्याच्या पाठीवर काही साचत नाही. तू एक मिनिट थांबला असशील, नाही तर वीस, तुझं पुढचं थांबणं तेवढंच, सरासरी सहा मिनिटं. घड्याळ तुझ्यासाठी दर क्षणाला पुन्हा शून्यापासून चालू होतं. तुला फक्त सरासरी माहीत असेल आणि बाकी काही नाही, तर प्रामाणिक माणसानं हेच गृहीत धरायचं, सर खडूची पूड झटकत म्हणायचे, बाकी सगळं तुझ्या पदरचं. पसारा मोजायचं एक माप असतं, त्याला एंट्रॉपी म्हणतात. हे गृहीत धरलं की त्या मापात पसारा सगळ्यात जास्त असतो, म्हणजे आपण लबाडी सगळ्यात कमी केलेली असते. तरुण सरासरीसाहेबांच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. आठवण न ठेवणारा नियम! त्यांच्या घरात तोवर सगळे आठवणच ठेवणारे होते. आत्या चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणी पाट दिला नाही ते सांगायची.

याच नियमानं त्यांनी बायकोचे तेवीस दिवस काढले होते. चार दिवस म्हणाली होती, म्हणजे सरासरी चार. पाचव्या दिवशी आली नाही तर बिघडलं कुठं, पाचवा दिवस पहिल्यासारखाच. दहावा पहिल्यासारखाच. रोज सकाळी ते नव्यानं वाट पाहायला बसत, ताज्या मनानं, दाढी करून. आपण फोन करावा का, हा प्रश्न रोज यायचा आणि रोज त्याचं एकच उत्तर असायचं: काल केला नाही, आजची परिस्थिती कालच्यासारखीच, मग आज तरी का? शिवाय गेली ती. ज्यानं जावं त्यानं यावं. आज सकाळीच त्यांनी दुधाच्या पिशवीवर एक छोटं गणित केलं. सरासरी चार दिवस असताना माणूस तेवीस दिवस न येण्याची शक्यता किती? हजारात तीन. त्यांनी ती पिशवी धुऊन वाळत घातली आणि तिच्याकडे पाठ करून चहा प्यायले. नियम चुकू शकत नव्हता. म्हणजे हजारातले ते तीन नवरे असतात, त्यांतले आपण एक, कुणीतरी असायचंच.

"कोण आहे आत?" खालून हाक आली.

बोलायचं तर काचेच्या खालच्या अर्ध्याशी तोंड न्यावं लागत होतं, म्हणून सरासरीसाहेब बॅग मांडून तिच्यावर बसले. वाकून पाहिलं तर एक पांढरा अंबाडा दिसला. पाचव्या मजल्यावरच्या बाई. बाई शाळेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचायचा.

"मी आहे, सातव्यावरचा."

"तुम्ही होय! फोन लावलात?"

"लावलाय. थांबलोय."

"किती सांगितलीत?"

"सहा मिनिटं."

"मला परवा बेसिन तुंबलं तेव्हापासून सहाच सांगतायत," बाई म्हणाल्या. "वॉचमनला सांगते मीही फोन लावायला."

"नको, नको!" सरासरीसाहेब ओरडले. त्यांच्या आवाजानं तेच दचकले. "एका पत्त्यावरून दुसरा फोन आला की पहिली तक्रार आपोआप बंद होते. नवी रांगेच्या शेवटी जाते."

"हे कुणी ठरवलं?"

याला उत्तर होतं, पण ते काचेतून खाली पाठवण्यासारखं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, वर्षअखेरीला सरासरी सहावरून नऊवर चालली होती तेव्हा ती युक्ती यांनीच सुचवली होती. जुनी तक्रार बंद, नवी सुरू, थांबलेली मिनिटं शून्य. सरासरी लगेच जागेवर आली होती. वरच्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. "नियम आहे तसा," सरासरीसाहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, "बसा मग," आणि चपलांचा आवाज जिन्याकडे गेला. बाईंचे गुडघे दुखायचे, त्या जिन्यानं कधी उतरत नसत, हे त्यांना तेव्हा आठवलं नाही. त्यांना एवढंच वाटलं की वर्गाबाहेर उभं केलंय आपल्याला.

पन्नास मिनिटं झाली. लिफ्टमधे रबराचा आणि कालच्या कुणाच्या तरी ओल्या छत्रीचा वास होता. सतार आता नुसती ऐकू येत नव्हती, दातांत जाणवत होती. फोन थरथरला, मधे दुसराच फोन येत होता. विभागातली नवी मुलगी. हिला ऑफिसात शेपटी म्हणत आणि हे नाव तिला पहिल्याच महिन्यात पडलं, कारण पहिल्याच महिन्यात तिनं भर बैठकीत उभं राहून सांगितलं की आपल्या आकड्यांना लांब शेपूट आहे आणि ते कुणीतरी कापलंय. कापलं होतं हे खरंच होतं. दोन तासांच्या वर गेलेला फोन केंद्र धरत नसे. इतका वेळ कुणी थांबत नाही, तो माणूस फोन ठेवायला विसरलेला असतो, असा शेरा मारून ती ओळ काढून टाकायची, ही विभागाची रीत. रीत कुणाची, ते पुन्हा सांगायला नको.

सतारीचं बटण न दाबता हिचं दाबायचं म्हणजे एका हातानं विंचू धरून दुसऱ्यानं सुई ओवायची. जमलं. "सर, सगळे आलेत. तुम्ही कुठं आहात?"

"लिफ्टमधे."

"आपल्या?"

"घरच्या. अडकलोय. केंद्राला फोन चालू आहे."

मग अगदी हळू, अगदी आदरानं, "किती वेळ झाला, सर?"

"पन्नास मिनिटं."

"मग अजून साधारण पन्नास," शेपटी म्हणाली. आणि पोरगी हसली नाही, हे विशेष.

हेच ती गेल्या आठवड्यात त्यांच्या टेबलापाशी उभी राहून सांगत होती. सर, जो दहा मिनिटं थांबलाय त्याला अजून दहा. जो तासभर थांबलाय त्याला अजून तास. इथं साचतं. का साचतं, तर सोपी तक्रार पहिल्या टेबलावर सुटते. अवघड असली की दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे, तिसरा म्हणतो पहिल्याला विचारा. माणसं एकमेकांना अडकलेली आहेत, सर, एकाची गाठ दुसऱ्याच्या दोरीत. तुमचं सूत्र सुट्या माणसांचं आहे. सरासरीसाहेबांना राग आला होता, पण तो नीट यायच्या आत तिनं कागदावर त्यांच्या सरांचंच एंट्रॉपीचं सूत्र काढलं होतं आणि त्यात एक छोटा आकडा घुसवला होता. हा आकडा एक धरला की तुमचं जुनं सूत्र जसंच्या तसं, सर. तुमचं चुकलेलं नाही. पण एकाहून थोडा हलवला की शेपूट निघतं, मारुतीच्या शेपटासारखं, संपतच नाही. फक्त मग एक गोष्ट सोडावी लागते. दोन खोल्यांचा पसारा म्हणजे एकीचा अधिक दुसरीचा, ही बेरीज सोडावी लागते. जिथं मधलं दार उघडं असतं तिथं ती चालत नाही. ते म्हणाले होते, "बेरीज सोडून मी काय खाऊ?" आणि सगळा विभाग हसला होता, तिच्यासकट.

पण दार उघडं असण्याचं ते वाक्य त्यांच्यामागे घरापर्यंत आलं होतं, आणि आता लिफ्टमधेही आलं. त्यांना वाटलं होतं, बायको गेली, पसारा निम्मा होईल. पसारा सगळा तिचाच, असंही ते एकोणतीस वर्षं म्हणत आले होते. दोऱ्याची रिळं, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या. तर झालं काय, की पहिल्या आठवड्यात घर आरशासारखं लख्ख. दुसऱ्या आठवड्यात यांना चष्मा सापडेना. चष्मा तिच्या रिळांच्या डब्यात असायचा हे तिला माहीत होतं, यांना नाही. नेलकटर तिच्या औषधांपाशी. यांचा पासपोर्ट तिच्या रेशमी साडीत. त्यांच्या वस्तूंना स्वतःची जागाच नव्हती. त्या तिच्या पसाऱ्यात राहायला होत्या, भाड्यानं. तिचा पसारा तिनं ओढणीत बांधावा तसा उचलून नेला आणि यांचा पसारा, जो यांच्या मते नव्हताच, तो घरभर झाला. कालच ते एका हातात मोजा घेऊन दहा मिनिटं उभे होते. दुसरा मोजा शोधत नव्हते. हे सगळं वजा केल्यावर उरतं ते निम्मं का नाही, याचा विचार करत होते, आणि त्यांना रडू येतंय असं वाटलं म्हणून त्यांनी तो मोजा कचऱ्यात टाकला.

तास झाला. दीड झाला. शेपटीनं मेसेज पाठवला, मीटिंग दुपारी ठेवली, सर, काळजी घ्या. सरासरीसाहेब आता लिफ्टच्या कोपऱ्यात पाय पसरून बसले होते, टाय सुटलेला. त्यांना लघवी लागली होती, पण आठवण न ठेवणारा नियम तिथंही लागू पडत नव्हता. तीही साचतच होती. बायकोचा आवाज कानात येऊन येऊन त्यातला अर्थ गेला होता आणि नुसती ती उरली होती. ती "महत्त्वाची" म्हणताना 'म'वर थोडी थांबते. ती "आपल्याला" म्हणते तेव्हा ते खरंच कुणालातरी उद्देशून वाटतं. जायच्या आदल्या संध्याकाळीही ती अशीच, शब्द मोजून बोलली होती. आईच्या स्वयंपाकघरातला पाईप फुटला होता. आई ब्याऐंशीची. ही तिथं पोचली, आईला म्हणाली तू फडकं दाबून धर, आणि हिनं केंद्राला फोन लावला. घोट्यापर्यंत पाणी. आई पाईप धरून उभी आणि ही फोन धरून उभी, दोन तास. "आणि मग कट झाला हो," ती म्हणाली होती. "दोन तास थांबले आणि आपोआप कट झाला."

यांना तेव्हा भूक लागली होती. शिवाय शेपटीशी त्याच दिवशी वाजलं होतं. हे म्हणाले, "दोन तास कुणी थांबत नाही. तुझा फोन ठेवायचा राहिला असेल."

तिनं यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर त्यांना कळलं असतं, तिचे सगळे राग त्यांना पाठ होते. ती अशी पाहत राहिली की जणू हे वाक्य तिनं आधी कुठंतरी ऐकलंय आणि कुठं ते तिला आठवतंय. मग म्हणाली, "मी तुमच्या हिशेबातच नाही म्हणजे." आणि ताटं घेतली. सकाळी पिशवी भरली. आता तेवीस दिवस ते त्या नजरेपाशी येऊन परत फिरत होते. इतकं काय बोललो आपण? साधं वाक्य. दिवसातून दहा वेळा ऑफिसात लिहितो.

अकरा त्रेचाळीस. बॅटरी नऊ टक्के. सतार चालू होती. मग ती मधेच थांबली, तुकडा संपायच्या आत, आणि सरासरीसाहेब ताडकन उठून उभे राहिले, कुणीतरी खरा माणूस येणार म्हणून टाय सारखा करत. कानात बायको आली. पण हे नेहमीचं नव्हतं. आवाज तोच, कपाटातला, गोधड्यांमधला, फक्त यात हसू नव्हतं. वाचून वाचून कंटाळलेल्या बाईचा तो आवाज होता.

"आपला फोन ठेवायचा राहिलेला दिसतो," बायको म्हणाली. "धन्यवाद."

आणि कट.

लिफ्टमधला पंखा तेवढा फिरत होता. सरासरीसाहेबांना आधी काहीच वाटलं नाही. मग त्यांना ते दुसरं वाक्य आठवलं. त्या दिवशी सगळ्यात शेवटी, टेप उरली होती म्हणून, त्यांनीच लिहून दिलेलं. दोन तासांनंतर लावायचं. कुणी ऐकणारच नव्हतं ते. ज्याचा फोन खरंच चुकून राहिलाय त्याच्या खिशातल्या अंधारात ते बोललं जाणार होतं. तिनं ते एकदाच वाचलं, कपाटातून बाहेर आली, पाय मोकळे केले, म्हणाली झालं ना? आणि नऊ वर्षांनी, घोट्यापर्यंत पाण्यात, आईकडे पाठ करून उभी असताना, तिच्याच आवाजानं तिला सांगितलं की तू इथं नाहीस. ती तशीच घरी आली. आणि नवऱ्यानंही, ताटावर बसून, तेच वाक्य, तेच शब्द. एकाला दुसऱ्यानं साक्ष द्यावी तसं.

"अरे देवा," सरासरीसाहेब मोठ्यांदा म्हणाले, आणि ते खरंच म्हणाले, कारण त्यांना लाज वाटली. त्यांनी बॅग उघडली. फाईल काढली. शेपटीनं सहीच्या कागदाला मागे एक यादी जोडली होती, कापलेल्या फोनांची, या महिन्यातल्या चारशे बारा. यांनी ती न वाचता टाचून ठेवली होती. आता ते लिफ्टच्या दिव्याखाली बोट फिरवत गेले. ती जायच्या आदली संध्याकाळ. सापडायला वेळ लागला नाही. सासूबाईंच्या घरचा तो नंबर त्यांना केंद्राच्या नंबरापेक्षाही आधीपासून पाठ होता. थांबल्याची वेळ, दोन तास. शेरा: फोन ठेवायचा राहिला. खाली विभागप्रमुखाची सही, तीही छापील, दर वेळी करायला नको म्हणून.

वरच्या-खालच्या चारशे अकरा ओळींकडे त्यांनी पाहिलं. तीही माणसं होती. कुणाच्या आयाही असतील, फडकं धरून.

बॅटरी सात टक्के. केंद्राला पुन्हा फोन लावायचा तर रांगेच्या शेवटून. आणि लावायलाच हवा होता, कुणी दुसरं लावणार नव्हतं, त्यांनीच बंदी घातली होती. शहाणा माणूस आधी बाहेर पडायचं बघतो. सरासरीसाहेबांनी बायकोला फोन लावला.

वाजला. वाजत राहिला. प्रत्येक घंटेला त्यांना पहिल्यांदाच समजत होतं की ही घंटा मागच्या घंटेसारखी नाही. मागच्या सगळ्या तिच्यात आहेत, आणि तेवीस दिवसही.

"बोला," ती म्हणाली.

"मी लिफ्टमधे अडकलोय."

"मग केंद्राला फोन करा ना."

"केला होता. दोन तास थांबलो. कट झाला."

मागे कुठंतरी सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या, कोण आहे गं. मग बायको अगदी शांतपणे, शब्द मोजून म्हणाली, "तुमचा ठेवायचा राहिला असेल."

"नाही गं," सरासरीसाहेब म्हणाले. "थांबलोच होतो मी. तूही थांबली होतीस. दोन तास. माझ्यासमोर लिहिलंय इथं, आणि ते काढून टाकलंय, तेही मीच. चुकलं माझं."

पलीकडून तिचा श्वास आला. तो श्वास त्यांना माहीत होता, तो फोन ठेवणाऱ्या माणसाचा नव्हता.

"तू सांग," ते म्हणाले. त्यांनी पेन काढलं, सहीसाठी आणलेलं, आणि फाईलचा तो पहिला कागद उलटा करून गुडघ्यावर धरला. "त्या दिवशी काय झालं ते. पहिल्यापासून. पाणी कुठून येत होतं, आई काय म्हणाली, सगळं. मी लिहून घेतो."

"सगळं?"

"सगळं. काही कापत नाही."

"तुम्ही लिफ्टमधे बसून लिहिणार?" बायको म्हणाली, आणि त्या वाक्याच्या शेवटी, अगदी शेवटी, काहीतरी होतं. गिळलेलं, नाकातून निसटलेलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "बरं. लिहा. साडेपाच वाजले होते. आई भाजी चिरत होती..."

त्याच वेळी वर कुठंतरी लोखंडावर लोखंड आपटलं, लिफ्ट वीतभर हलली, सावकाश खाली आली आणि जरा वेळानं दार दोन्ही बाजूंनी ओढून उघडलं गेलं. बाहेर हातात पाना घेतलेला एक घामाघूम मेकॅनिक होता आणि त्याच्यामागे पायरीवर, गुडघा चोळत, पाचव्या मजल्यावरच्या बाई. "फोन नाही केला हो मी," बाई म्हणाल्या. "तुमचा नियम नाही मोडला. चालत गेले याच्या दुकानात आणि समोर उभी राहिले. माझ्याच हाताखाली होता हा, सातवीला."

"या साहेब, या बाहेर," मेकॅनिक म्हणाला. "मला दार लावून वर जायचंय, अजून तीन लिफ्टा आहेत."

सरासरीसाहेब जमिनीवरच बसले होते, पाय पसरून, कानाला फोन, गुडघ्यावर कागद. त्यांनी पेनाचा हात वर केला आणि तसाच धरला, थांब म्हणून.

मेकॅनिकनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी मेकॅनिककडे. "किती वेळ लागेल, साहेब?" त्यानं विचारलं. "अंदाजे?"

"सांगता येत नाही," सरासरीसाहेब म्हणाले, आणि पुढची ओळ लिहू लागले.